विमानातून आलेली हरळी

दिल्लीहून परत आलेल्या माणसाने काय सांगावं याचा आपल्याकडे एक रिवाज आहे. किल्ला सांगावा, मिनार सांगावा, राष्ट्रपतींच्या घराला खोल्या किती ते सांगावं आणि शेवटी स्वेटर कसा स्वस्तात पाडून घेतला ते सांगावं. मी यातलं काहीएक पाहिलं नाही. मी म्हशीच्या शेपटीचे केस पाहून आले. बार्शीच्या आमच्या महिला मंडळाने माझं या प्रवासावर भाषण ठेवलं होतं. मी शेपटीपर्यंत पोचले न पोचले तोच अध्यक्षीणबाईंनी आभारप्रदर्शन उरकून घेतलं. म्हणून आता लिहूनच काढते.

गेले ते माझ्या बहिणीच्या सांगण्यावरून. तिची मुलगी मृणाल दिल्लीत पीएचडी करत होती आणि फोनवर रडत होती. बहिणीचे गुडघे प्रवासाला नाही म्हणत होते, माझं तोंड सोडून बाकी सगळं धड होतं, आणि मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाल्यामुळे मला ओरडायला कुणी उरलं नव्हतं. बहीण म्हणाली, पीठ पोचवून ये आणि पोरगी का रडते ते बघून ये. पीठ म्हणजे ज्वारीचं. सोलापूरकडून दिल्लीला निघालेल्या कुणालाही, मग तो मंत्री का असेना, आमची बहीण गाठून पिठाची पिशवी देते. ज्वारीच्या पिठाची विरी लवकर जाते, मग भाकरी थापताच येत नाही, म्हणून दर महिन्याला ताजं पीठ. माणसं बदलत, पिशवी तीच.

देश तेव्हा नुकताच श्रीमंत व्हायला लागला होता. निदान पेपरात तसं छापून येत होतं. बार्शीत त्याची खूण एवढीच की एसटीडी बूथवाल्याने काचेचं दार बसवलं होतं. बाकीची श्रीमंती दिल्लीच्या बाजूला गेलीय असं ऐकून होते.

मुनिरका

रेल्वेचं काही लिहीत नाही. बसले आणि उतरले. मधल्या सगळ्या वेळात समोरच्या बाकावरचे गृहस्थ मला चहा कसा आरोग्याला वाईट ते चहा पीत सांगत होते.

मुनिरका हे दिल्लीच्या पोटातलं गाव. गल्ल्या अशा की समोरच्या खिडकीतली मुलगी राज्यघटना पाठ करते आणि ती आपल्यालाही पाठ होते. मृणालची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि खोलीतली दुसरी मुलगी लातूरची शबाना, तीही घटनाच पाठ करणारी. खाली खाटेवर घरमालकीण बसलेली. तिने मी कोण, किती दिवस राहणार आणि रोज आंघोळ करते का, हे सगळं मला पिशवी खाली ठेवायच्या आत विचारून घेतलं. मग पिशवीवर बोट ठेवून म्हणाली, दिल्लीत आटा मिळत नाही का? मी अभिमानाने सांगितलं, ज्वारीचं आहे. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दया आली. "ज्वार? वो तो हम भैंसों को खिलाते हैं."

पाहुणी होते म्हणून गिळलं. दिल्लीत ते पहिलंच गिळणं.

मृणाल वाळून काटकी झाली होती. स्टोव्हवर तवा टाकला, भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, शेंगांची चटणी काढली. शबानाने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि पुन्हा मूलभूत हक्कांकडे वळली. मग मृणालने मला तिचं दुःख सांगितलं. ते समजायला मला शास्त्र समजून घ्यावं लागलं, आणि आता तुम्हालाही लागेल, इलाज नाही.

जनावर जे खातं ते त्याच्या केसांत, नखांत, हाडांत उतरतं. खाई त्याला खवखवे हे आपण पूर्वापार म्हणत आलोच आहोत. ही पोरगी ती खवखव यंत्रावर मोजत होती आणि सरकार तिला त्याची शिष्यवृत्ती देत होतं. कार्बन म्हणून जो पदार्थ आहे त्यातला काही हलका असतो आणि अगदी थोडा जड. गहू, तांदूळ, डाळी यांची हवा ओढून घ्यायची रीत एक, आणि ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांची दुसरी. दुसऱ्या रीतीच्या झाडांत तो जड कार्बन जरा जास्त राहतो. मग ते जो खातो त्याच्या अंगातही तो जास्त राहतो. केस एकदा वाढून बाहेर आला की पुढे बदलत नाही. म्हणून म्हशीच्या शेपटीचा लांब केस घ्यायचा आणि त्याचे बारीक तुकडे करायचे. मुळाशी या महिन्याचं खाणं, टोकाला गेल्या वर्षीचं. तुकडे दुसऱ्या शहरातल्या यंत्राकडे पाठवायचे, तिकडून फॅक्सने आकडे येतात.

तिचा विषय होता दिल्लीच्या कडेची गावं. गावांनी जमिनी विकल्या, जमिनीवर टोलेजंग इमारती झाल्या, पण म्हशी होत्या तशाच राहिल्या. त्या आता काय खातात? विकतचा गव्हाचा भुसा, असा तिच्या मार्गदर्शक सरांचा अंदाज. म्हणजे केसात हलका कार्बन सापडायला हवा.

आता रडण्याचं कारण. आकडे खरे आहेत हे ताडून बघायला एक खात्रीचा नमुना लागतो. मृणालने स्वतःचेच केस पाठवले. दिल्लीत राहणारी, मेसमध्ये गव्हाची पोळी आणि भात खाणारी, शुद्ध शाकाहारी मुलगी. तिचा आकडा आला तो भलताच जड. सर म्हणाले, एक तर तू केसांच्या पुड्या बदलल्यास नाही तर मोजणीच चुकली, आणि एक आकडा संशयित म्हणजे सगळे संशयित. दोन वर्षांचं काम पुन्हा कर. ती महिनाभर पुड्या तपासत होती आणि रोज रात्री, दमून परत आल्यावर...

इथे ती बोलायची थांबली. हातात घास होता, तो तसाच. घासाकडे बघत राहिली.

"मावशी, मी गाढव आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, शेवटी कुणीतरी मान्य केलं. पण ती हसत सुटली होती. दिल्लीला आल्यापासून ही मुलगी रोज रात्री भाकरी खात होती, आणि ते तिच्या डोक्यात कधी 'खाणं' म्हणून आलंच नव्हतं. मेसचं ते खाणं. भाकरी म्हणजे भाकरी. कॉलेजच्या प्रयोगवहीत लिहिण्याची ती गोष्टच नव्हे. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, अच्छा, मग तुझं नाव म्हशींच्या यादीत घाल. मोजणी बरोबर ठरली, काम वाचलं, आणि मी एका भाकरीत पीएचडी सोडवल्याचं बहिणीला बूथवरून कळवलं.

तिथेच परतीचं तिकीट काढलं असतं तर हा सुखान्त प्रवास झाला असता.

ताऊंचं गाव

मृणालला आणखी केस हवे होते, म्हणून मीही निघाले. गावाचं नाव लिहीत नाही, तशी तिथल्या लोकांची अट आहे. फरीदाबादकडून गुडगावला जाणाऱ्या रस्त्यावर कुठेतरी, एवढं पुरे. वाटेवर नव्या इमारतींच्या पाट्या होत्या. सगळी नावं विलायतेतली, चित्रात तळं, तळ्यात हंस. प्रत्यक्षात खड्डा होता, खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यात एक कुत्रं निवांत बसलं होतं. पाटीवर लिहिलेलं 'निसर्गाच्या सान्निध्यात' खोटं म्हणता येणार नाही.

ज्यांच्या म्हशींचे केस मृणाल नेत होती त्या रामफल ताऊंचं घर तीन मजली. गुलाबी टाइल्स, खांब, दिवाणखान्यात झुंबर, सोफ्यावर अजून दुकानाचं प्लास्टिक. जमीन गेली त्यातून हे आलं, आणि एक जीप आली. ती घेऊन मुलगा दिवसभर कुठे जातो ते कुणाला ठाऊक नव्हतं, बहुधा त्यालाही नसावं. ताऊ आणि त्यांची बायको संतरो त्या महालात राहत नव्हते. मागच्या अंगणात, पत्र्याखाली, तीन म्हशींच्या शेजारी त्यांच्या खाटा होत्या. तिकडे ताऊच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, बायकोला ताई म्हणतात. आपली ताई वेगळी, म्हणून मला ते तोंडात बसेना. मी संतरोबाई म्हणत राहिले आणि ती प्रत्येक वेळी पदरात हसत राहिली.

जेवायला बाजरीची रोटी, त्यावर लोण्याचा गोळा, काचरी नावाच्या रानकाकडीची आंबट चटणी आणि ताक. ताक ज्यात दिलं त्याला ते पेला म्हणतात. आमच्याकडे त्याने बाग शिंपतात. नको म्हटलं तर संतरोने आणखी ओतलं. आग्रहाची आपली पद्धत निदान आधी विचारते तरी.

मृणालने सर्वांत मोठ्या म्हशीच्या, भूरीच्या, शेपटीचे केस कात्रीने कापले तेव्हा संतरो जवळ येऊन उभी राहिली. केस, नखं परक्या माणसाच्या हाती देऊ नयेत, करणी होते, ही समजूत तिकडेही आहे. तिने मागच्या खेपेला विचारलं होतं, या खेपेलाही विचारलं. "बेटी, इन बालों से म्हारी भैंसों का बुरा तो ना होगा?"

"बिल्कुल नहीं, ताईजी," मृणाल म्हणाली आणि तिच्या गळ्यात हात टाकला.

खायला काय घालता, हे मृणालने विचारून लिहून घेतलं. ताऊ म्हणाले, भुसा, सरकीची नाही पण मोहरीची पेंड, कधी मेहुण्याकडून आलेला बाजरीचा कडबा. आणखी काही? ताऊंनी हुक्का ओढला. आणखी काही नाही.

जेवण अंगावर आलं म्हणून मी मागच्या बाजूला शतपावली करायला गेले. घरामागे हापसा होता, कोरडा. त्याच्यापलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे डोळे दिपतील असं हिरवं. एवढा मोठा हिरवा तुकडा, आणि त्यावर पीक काय, तर एक भोक आणि त्यात रोवलेला झेंडा. पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ काठीने चेंडू मारत होता आणि दुसरा माणूस त्याच्या काठ्या वाहत होता. हा खेळ आहे असं नंतर कळलं. तो खेळणाऱ्यांच्या क्लबची पाटी कुंपणावरच होती. हिरवळ सांडपाणी शुद्ध करून जोपासली जाते, असं त्यावर कौतुकाने लिहिलेलं. ताऊंचं म्हणणं वेगळं होतं. क्लबच्या बोअरिंगा सुरू झाल्या त्या वर्षी हापसा मेला, असं ते म्हणाले.

मी कुंपणाखालून हात घालून थोडं गवत उपटलं. पेरं बघितली, मुळं बघितली. अहो, हरळी! ज्या गवताला शिव्या देत आमचा शेतकरी जन्मभर खुरपतो, गणपतीला वाहण्यापुरतीच जिची किंमत, ती हरळी. मागून आलेल्या मृणालने सांगितलं, हरळीच्याच कुळातली, पण अमेरिकेत वाढवलेली, विमानातून आणलेली. क्लबची परवानगी घेऊन तिने या गवताचीही पुडी नेली होती. बदल्यात सरांनी क्लबच्या मॅनेजरला शब्द दिला होता की जे निघेल त्याची एक प्रत तुम्हाला देऊ. सरांना क्लबात जेवायला बोलावलं होतं, शब्द द्यायला तेवढं पुरतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात भूरी माझ्या अंगावरून, म्हणजे अगदी पदराला घासून, पुढे गेली. कुंपणाला एके ठिकाणी तार वाकलेली होती. ती तिथे मान खाली घालून शिरली, जशी मी माझ्या स्वयंपाकघरात शिरते. झेंड्यापाशी जाऊन चरू लागली. टोपीवाला इंग्रजीत ओरडला. भूरीने पो टाकला. ताऊंनी हाक मारली तेव्हा ती सावकाश, दोन घास आणखी घेऊन, परत आली. मी मृणालकडे बघितलं, मृणाल आभाळाकडे बघत होती.

फोन

दोन-तीन दिवसांत घरमालकीण खालून ओरडली की कुणा ताऊचा फोन आहे. क्लबच्या पहारेकऱ्यांनी तिन्ही म्हशी आत धरल्या आणि कोंडवाड्यात घातल्या. कोंडवाडा आपल्याला नवा नाही. दंड भरायचा, जनावर सोडवायचं, मालकाला दोन शिव्या द्यायच्या आणि घ्यायच्या. पण मॅनेजरला या वेळी कायमचा निकाल हवा होता. त्याने तहसिलीत अर्ज दिला होता की हा माणूस नेहमीच जनावरं आत सोडतो. ते सिद्ध झालं तर म्हशींचा लिलाव होणार आणि इथून पुढे जनावर पाळणार नाही असं ताऊंना लिहून द्यावं लागणार. आणि सिद्ध कशाने होणार? तर मॅनेजरकडे विज्ञान होतं. सरांनी शब्द दिला होता. मृणालने आकडे घेऊन क्लबात यायचं होतं.

मागच्या खेपेच्या केसांचे आकडे तिच्या टेबलावर होते. भुसा-पेंड खाणाऱ्या म्हशीच्या केसात जेवढा जड कार्बन असावा त्यापेक्षा भूरीच्या केसात, पावसाळ्यापासूनच्या तुकड्यांत, कितीतरी जास्त होता.

मी मुख्याध्यापिका होते. खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. तरी मी सुचवलं की फॅक्सचा कागद हरवतो, शाई उडते, सरकारी कामात असं होतं. मृणालने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं. आकडा बदलणार नाही आणि लपवणारही नाही, ती म्हणाली. मग फॅक्सचा कागद घडी घालून वहीत ठेवला.

"मी ताईजींना बिल्कुल नहीं म्हटलं होतं, मावशी."

त्या दिवशी कुणी भाकरी मागितली नाही.

क्लबात

मॅनेजर सज्जन होता. टाय, अत्तर, आणि बोलताना मध्येमध्ये डोळे मिटायची सवय. खोली इतकी थंड की आपण दुधाची पिशवी आहोत असं वाटावं. तहसिलीतले एक साहेब आले होते. ते खुर्चीत शिरताच पेंगायला लागले. ताऊ दाराशी उभे होते, आणि खुर्च्या मोकळ्या होत्या. मी एक ओढून त्यांच्यापुढे ठेवली. ते बसले नाहीत, म्हणून मीही काही वेळ उभी राहिले, मग पाय दुखले आणि बसले.

मॅनेजरने आधी इंग्रजीत भाषण केलं. देश पुढे चालला आहे, परदेशी पाहुणे येतात, आणि त्यांच्यासमोर म्हैस येते. मग मृणालला म्हणाला, चलो मॅडम, सायन्स क्या कहता है?

मृणालने कागद काढला. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. केसाच्या या तुकड्यांत जड कार्बन वाढलाय, नुसत्या भुशावर तो एवढा वाढत नाही. या कुळातलं काहीतरी म्हशींनी खाल्लं आहे. मॅनेजरने डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाला, तो प्रूव्ह हो गया. ताऊंनी पागोटं सारखं केलं. मला त्या वेळी माझ्या भाचीचा राग आला, खरं सांगते. एवढी अक्कल कुणाला हवी होती?

"एक और सॅम्पल में यही नंबर आया है," मृणाल म्हणाली.

साहेबांनी एक डोळा उघडून विचारलं, ती कुणाची म्हैस?

"मेरे बाल हैं, सर."

मग तिने ज्वारी सांगितली, भाकरी सांगितली, माझी बहीण आणि पिठाची पिशवी सांगितली. हा आकडा फक्त एवढंच बोलतो की खाणाऱ्याने ज्वारी, बाजरी, मका, ऊस किंवा हरळी यांपैकी काहीतरी खाल्लं. त्यातलं कुठलं, ते तो सांगू शकत नाही. याच आकड्यावर निकाल द्यायचा तर क्लबचं गवत तिनेही खाल्लं आहे. ताऊंच्या मेहुण्याकडून बाजरीचा कडबा येतो, तो म्हशी खातात, आणि बाजरीची रोटी तर या भागात सगळेच खातात. साहेबांचा हात हळूच स्वतःच्या केसांकडे गेला.

मला राहवलं नाही. माझ्या बार्शीच्या हिंदीत मी म्हटलं, ये छोकरी तो एक टाइम खाती है, मैं तो दोनों टाइम खाती हूँ, मेरे को भी कोंडवाडे में डालो और लिलाव करो, घरवाले बोली लगाएंगे की नहीं मालूम नहीं. साहेब हसले. ताऊ हसले नाहीत.

पण मॅनेजर मूर्ख नव्हता. त्याने डोळे उघडे ठेवून विचारलं, अशी एखादी टेस्ट आहे का, जिच्याने पक्कं कळेल?

मला ठाऊक होतं की आहे. आदल्या दिवशी तीच मला समजावत होती. मी टेबलाखालून तिला चिमटा काढला.

"है," मृणाल म्हणाली.

नायट्रोजन म्हणून आणखी एक गोष्ट असते. शेणखतावर वाढलेला चारा आणि कारखान्याच्या खतावर वाढलेलं गवत त्यात वेगळं दिसतं. आणि जनावर जे पाणी पितं, हिरव्या गवतातलं ओलसुद्धा, त्याचीही खूण केसात राहते. हे सगळं करता येईल. फक्त क्लबने खताचा आणि पाण्याचा नमुना द्यायचा, आणि पाणी नेमकं कुठून येतं ते लिहून द्यायचं.

साहेब सकाळपासून पहिल्यांदा सरळ बसले. "हाँ जी," ते म्हणाले, "पानी कहाँ से आता है?"

मॅनेजरने बेल वाजवून सगळ्यांसाठी आणखी एकदा चहा मागवला. चहा आला, बिस्किटं आली, काजूसुद्धा आले. चहा संपेपर्यंत अर्ज मागे घेतला गेला होता. लिलाव नाही, लिहून देणं नाही, नेहमीचा दंड भरायचा आणि म्हशी घेऊन जायच्या. बाहेर आल्यावर मी मृणालची पाठ थोपटली, म्हटलं, पाण्याचं बरं सुचलं तुला. तिने बावळटासारखं माझ्याकडे बघितलं. तिला काही सुचलं वगैरे नव्हतं. तिला ते नमुने खरोखरच हवे होते आणि मॅनेजर का देत नाही ते अजूनही कळलं नव्हतं.

कोंडवाडा

दुपारी आम्ही सगळे कोंडवाड्यावर गेलो, संतरोसुद्धा. म्हशींची पोटं खपाटीला गेली होती. सरकारी चारा कागदावर रोज आला होता. संतरोने भूरीच्या मानेला मिठी मारली आणि मोठ्याने रडली, आणि मग मृणालच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले. मृणालही रडली. पण हे रडणं बहिणीला कळवण्यासारखं नव्हतं.

घरी परतताना मी पुढे होते. जिंकलेल्या माणसाने चालावं तशी चालत होते आणि बोलत होते. मॅनेजरची नक्कल केली, साहेबांची केली, शबानाला सांगायचं म्हणून सगळं पुन्हा जुळवलं. म्हशी दोराशिवायच मागून येत होत्या. गावाच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो. डांबरी रस्ता घराकडे जातो आणि जुनी गाडीवाट उजवीकडे, पूर्वी ताऊंच्या शेतात, आता कुंपणापर्यंतच. भूरी उपाशी होती. ती फाट्यावर आली आणि सरळ उजवीकडे वळली. तिच्या मागून बाकीच्या दोघी वळल्या.

ताऊंनी हाक मारली. तिने कान हलवले, थांबली नाही. ताऊ धावत पुढे गेले, वाटेवरची काठी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. मग पुन्हा मारली. संतरो ओरडली, अरे, पागल हो गया के? भूरी मागे सरली नाही. मार कशाचा ते तिला कळलंच नाही. ती तशीच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ताऊ तिसऱ्यांदा काठी उगारून तसेच उभे राहिले. मी, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळी बार्शी म्हणते, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

ताऊंनी काठी टाकली. मी काही विचारलं नव्हतं, तरी माझ्याकडे वळून म्हणाले, "जमीन बेची तो मन्ने ही थी, बहनजी. इसको तो आज बताया."